जुन्या गाडीचे ब्रेक कॅलिपर जाम होतात तेव्हा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मारुती झेन, एस्टीम, ऑल्टो, ह्युंदाई सँट्रो, टाटा इंडिका यांसारख्या पुढे डिस्क आणि मागे ड्रम असलेल्या जुन्या गाड्या महाराष्ट्रात, विशेषतः कोकणात आणि घाटमाथ्यावर, अजूनही रोजच्या वापरात आहेत. खालील उत्तरे मुख्यतः अशा गाड्यांच्या पुढच्या चाकांवरील, एका पिस्टनच्या सरकत्या कॅलिपरविषयी आहेत. कॅलिपर म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कला दोन्ही बाजूंनी ब्रेक पॅडमध्ये पकडणारा भाग. मागेही डिस्क असलेल्या गाड्यांचा प्रश्न शेवटच्या भागात वेगळा घेतला आहे.

कॅलिपर जाम होतो म्हणजे आत नेमके काय घडते?

पेडल दाबल्यावर मास्टर सिलिंडरमधून ब्रेक ऑइलचा दाब कॅलिपरच्या पिस्टनमागे पोहोचतो आणि पिस्टन आतला पॅड डिस्कवर दाबतो. डिस्क बाजूला सरकू शकत नाही, म्हणून त्याच दाबाने कॅलिपरचे संपूर्ण घर दोन पिनांवरून उलट दिशेला सरकते आणि बाहेरचा पॅड डिस्कवर ओढून आणते. पेडल सोडल्यावर पिस्टन मागे घेण्यासाठी येथे ड्रम ब्रेकसारखी स्प्रिंग नसते, ही गोष्ट अनेक वर्षे गाडी चालवणाऱ्यांनाही ठाऊक नसते. हे काम पिस्टनभोवतीचे चौकोनी छेदाचे रबरी सील करते. दाब असताना ते पिस्टनबरोबर किंचित पिळले जाते आणि दाब गेला की मूळ आकारात येताना पिस्टनला मिलिमीटरच्या अंशाइतके मागे ओढून घेते.

ब्रेक सुटणे इतक्या लहानशा हालचालीवर अवलंबून असल्यामुळे तिला अडवायला फार काही लागत नाही. पिनांवरचे ग्रीस सुकून डांबरासारखे झाले, पिस्टनवर गंज चढला, सील कडक झाले किंवा पॅडचे कान ब्रॅकेटच्या (कॅलिपर आणि पॅड ज्यात बसतात त्या पक्क्या चौकटीच्या) खाचेत रुतले, यांपैकी काहीही एक झाले तरी ब्रेक लागतो पण सुटत नाही. गॅरेजमध्ये या सगळ्यांना मिळून ‘कॅलिपर जाम’ हे एकच नाव आहे. नाव एक आणि दुखणी चार, म्हणून या कामात भाग आणण्यापूर्वी शोध घ्यावा लागतो.

माझ्या गाडीचा ब्रेक धरून राहतो आहे, हे मी कशावरून ओळखावे?

सर्वांत विश्वासार्ह खूण उष्णतेची असते. सपाट रस्त्यावर, शक्य तितका कमी ब्रेक वापरून, सात-आठ किलोमीटर गाडी चालवावी आणि थांबल्यावर दोन्ही पुढच्या चाकांच्या रिमजवळ हात न्यावा. हात रिमला किंवा डिस्कला लावू नये, कारण धरलेली डिस्क क्षणात कातडी भाजते. एका चाकातून भट्टीसारखी झळ येत असेल आणि दुसरे कोमट असेल, तर निदान जवळजवळ झालेच. करपल्यासारखा वास, एका रिमवर जास्त तपकिरी भुकटी, उतारावर न्यूट्रलमध्येही गाडी न घरंगळणे आणि ॲव्हरेज उतरणे या बाकीच्या खुणा होत.

गाडी एका बाजूला ओढते ही तक्रार मात्र नीट ऐकून घ्यावी लागते. ब्रेकला पाय न लावताही गाडी ओढत असेल, तर ती ज्या बाजूला जाते त्या बाजूचा ब्रेक धरलेला असण्याचा संभव असतो. ब्रेक दाबल्यावरच ओढत असेल, तर बहुधा उलट असते, म्हणजे ज्या बाजूला गाडी जाते तिकडचा ब्रेक ठीक असून दुसऱ्या बाजूचा पिस्टन पुढेच येत नसतो. माझ्या गाडीच्या बाबतीत हा भेद कोणीच विचारला नाही. एका गॅरेजने दोनदा अलाइनमेंट करून दिले, टायरही उलटसुलट करून पाहिले, आणि अखेर पंक्चर काढणाऱ्या पोराने चाक हाताने फिरवताना विचारले, “हे इतकं जड का फिरतंय?”

तीच चाचणी आपणही करू शकतो. गाडी सपाट जागी उभी करावी, हँडब्रेक लावून मागच्या चाकांना दगड लावावेत, पुढची बाजू जॅकने उचलून स्टँडवर ठेवावी, गिअर न्यूट्रलमध्ये घ्यावा आणि चाक हाताने फिरवावे. पॅडचा हलका घासल्यासारखा आवाज येणे स्वाभाविक आहे. दोन्ही हातांनी जोर लावूनही चाक पूर्ण फेरी घेत नसेल, तर ते स्वाभाविक नाही.

पावसाळ्यात गाडी दोन दिवस उभी राहिली की निघताना ‘कट्’ असा आवाज येतो. हाही जाम कॅलिपरच का?

नाही. डिस्क बिडाची असते, तिच्यावर एका रात्रीत तांबूस गंज धरतो आणि ओला पॅड त्याला चिकटतो. पहिल्या चार-दोन ब्रेकमध्ये तो निघून जातो. आवाजानंतर गाडी मोकळी धावत असेल आणि चाक तापत नसेल, तर काहीही उघडण्याची गरज नाही. मागच्या ड्रममध्ये हँडब्रेक लावून ठेवल्यामुळे लायनर चिकटणे हा निराळा प्रकार आहे आणि त्याचा कॅलिपरशी संबंध नाही.

ब्रेक थोडासा धरतो, पण गाडी चालते. काही दिवस तशीच चालवली तर काय बिघडेल?

पॅड आणि डिस्क झिजतील, चाकाच्या बेअरिंगमधील ग्रीस पातळ होऊन बाहेर येईल आणि पेट्रोल जास्त जाळले जाईल. एवढेच असते तर हा केवळ खर्चाचा प्रश्न ठरला असता. खरा धोका ब्रेक ऑइल उकळण्याचा आहे. सतत घासणाऱ्या पॅडची उष्णता पिस्टनमधून ऑइलपर्यंत पोहोचते. ऑइल जुने आणि पाणी शोषलेले असेल, तर त्यात वाफेचे बुडबुडे तयार होतात. ऑइल दाबले जात नाही, वाफ मात्र दाबली जाते, आणि मग पेडल स्पंजासारखे होऊन तळाला टेकते. हे आंबोलीच्या किंवा कुंभार्लीच्या उतारावर घडले तर काय होईल, हे वेगळे सांगायला नको. घाटात गाडी ज्या गिअरमध्ये चढते त्याच गिअरमध्ये उतरवावी हा जुन्या ड्रायव्हरांचा दंडक अशा वेळी वाचवतो, पण बिघडलेल्या ब्रेकवर तो उपाय नव्हे. चाकातून धूर किंवा जळका वास येत असेल तर गाडी बाजूला घ्यावी, पूर्ण निवू द्यावी आणि तापलेल्या डिस्कवर पाणी ओतू नये, कारण ती वाकते किंवा तडकते.

दोष पिनांत आहे, पिस्टनमध्ये आहे की रबरी होजमध्ये, हे कसे ठरवावे?

या पानावरचे एकच उत्तर लक्षात ठेवायचे असेल तर हे ठेवावे, कारण येथे दहा मिनिटे दिली तर नको ते भाग विकत घेणे टळते.

गाडी वर सांगितल्याप्रमाणे स्टँडवर घेऊन पेडल तीन-चार वेळा घट्ट दाबावे आणि सोडावे. चाक धरलेले आहे याची खात्री झाल्यावर कॅलिपरच्या निपलला (हवा आणि ऑइल बाहेर सोडण्याच्या पोकळ स्क्रूला) पारदर्शक नळी लावून तिचे दुसरे टोक बाटलीत सोडावे आणि निपल पाव ते अर्धा फेरा उघडावा. ऑइलची चिळकांडी उडून चाक लगेच मोकळे झाले, तर कॅलिपर निर्दोष असण्याचीच शक्यता जास्त. दाब वरून अडकून राहिला आहे. निपल उघडूनही चाक तसेच जड राहिले, तर अडथळा कॅलिपरमध्येच आहे.

दाब अडकला असेल, तर पुढच्या वेळी चाक धरल्यावर निपल बंद ठेवून लोखंडी पाइप आणि रबरी होज यांचा सांधा किंचित ढिला करावा. तेथे ढिले करताच चाक सुटले तर दोष त्याहून वर, बहुधा मास्टर सिलिंडरकडे आहे. तेथे सुटले नाही आणि निपलपाशी सुटले, तर होज आतून फुगलेला आहे. जुन्या होजचे अंतर्गत अस्तर सुजते किंवा सुटून पडद्यासारखे लोंबते. पायाच्या जोराने ऑइल पुढे जाते, परंतु परत येताना तोच पडदा दाराचे काम करतो. काही गाड्यांत होज ज्या लोखंडी पट्टीत पकडलेला असतो त्या पट्टीच्या आत गंज साचतो आणि होज बाहेरूनच आवळला जातो. बाहेरून होज अगदी नवा दिसत असला तरी या चाचणीवरच विश्वास ठेवावा. होजचा दोष न ओळखता नवा कॅलिपर बसवून घेतलेले आणि आठवड्याने तीच तक्रार घेऊन परतलेले लोक मी पाहिले आहेत.

दोष कॅलिपरमध्ये आहे असे ठरले, तर खालचा बोल्ट काढून कॅलिपर वर उचलावा. पिना हाताने आतबाहेर करून पाहाव्यात. त्या बोटांच्या जोराने सरकायला हव्यात आणि फिरायलाही हव्यात. नंतर पॅडचे कान ब्रॅकेटमध्ये मोकळे आहेत का ते पाहावे. हे दोन्ही ठीक असेल तर निपल उघडून, जुना पॅड मध्ये धरून शिकंजाने पिस्टन सावकाश मागे दाबावा. सारखा जोर लावल्यावर तो संथपणे आत जायला हवा. अडकत, धक्के देत गेला किंवा हललाच नाही, तर काम पिस्टनचे आहे.

पॅडच्या झिजेवरूनही अंदाज येतो. एकच पॅड तिरका, पाचरीसारखा झिजला असेल तर एक पिन अडकलेली असते. आतला पॅड जास्त झिजला की पिस्टन आणि बाहेरचा झिजला की पिना, असा ठोकताळा सांगितला जातो. तो मला पुरता भरवशाचा वाटत नाही, कारण पिना पूर्ण घट्ट झाल्या तरी सगळे काम आतल्याच पॅडवर येते.

दोन्ही पुढची चाके एकदम धरतात, आणि गाडी जितकी चालवावी तितकी जास्त धरतात. दोन्ही कॅलिपर एकदम कसे बिघडले?

बहुधा ते बिघडलेले नसतातच. मास्टर सिलिंडरमध्ये एक बारीक भोक असते, त्यातून तापून फुगलेले ऑइल टाकीत परत जाते. पेडलला किंवा बूस्टरच्या (पायाचा जोर वाढवणाऱ्या भागाच्या) दांडीला मोकळी चाल नसेल तर मास्टर सिलिंडरचा पिस्टन पूर्ण मागे येत नाही आणि हे भोक झाकलेले राहते. मग ऑइल तापते, फुगते, परत जायला वाट नसते आणि ब्रेक आपोआप लागत जातात. नुकताच मास्टर सिलिंडर, बूस्टर किंवा ब्रेक लाइटचा स्विच बदलला असेल, तर आधी तिकडे पाहावे. चुकीच्या जागी बसवलेला साधा स्विचही पेडल किंचित दाबून धरू शकतो.

पिना मोकळ्या करण्याची योग्य पद्धत कोणती आणि ग्रीस कोणते वापरावे?

जाम कॅलिपरच्या तक्रारींत निव्वळ पिनांचे काम पुरेल अशा पुष्कळ असतात, आणि तेच काम सर्वांत निष्काळजीपणे केले जाते. पिन ओढून काढावी, पुसावी आणि उजेडात पाहावी. नुसते सुकलेले ग्रीस असेल तर ब्रेक क्लीनरने धुऊन निघते. गंजाचे खड्डे पडले असतील तर पॉलिश पेपरने घासून वेळ मारून नेऊ नये, पिना नव्या घ्याव्यात. त्या स्वस्त असतात. ब्रॅकेटमधील भोक बारीक गोल ब्रशने आणि कापडाने आतपर्यंत साफ करावे, कारण जुन्या ग्रीसचा गाळ तळाशी राहिला तर नवी पिन पूर्ण आत जात नाही.

ग्रीस हे ब्रेकसाठीचे, रबराला न खाणारे, उष्णता सोसणारे सिलिकोन किंवा सिंथेटिक ग्रीसच असावे. बेअरिंगला भरतात ते साधे मल्टिपर्पज ग्रीस येथे चालत नाही. पिनेवरची रबरी नळी आणि बूट (धूळ-पाणी रोखणारे रबरी आवरण) त्याने फुगतात आणि दोन-तीन महिन्यांत पिन पूर्वीपेक्षा घट्ट बसते. तांब्याच्या भुकटीची पेस्टही पिनांवर लावू नये. ग्रीसचा पातळ थर पुरतो. भोक ठासून भरले तर पिन आत ढकलताना कोंडलेली हवा आणि ग्रीस तिला स्प्रिंगसारखे बाहेर ढकलत राहतात.

अनेक गाड्यांत वरची आणि खालची पिन सारखी नसते. एकीवर रबरी नळी असते किंवा एक बाजू चपटी असते. कोणती कोठून काढली हे लिहून ठेवावे किंवा मोबाइलवर फोटो काढावा. फाटलेला बूट तसाच ठेवून केलेले सगळे काम एका पावसाळ्याचे असते. याच वेळी ब्रॅकेटमधील पॅडच्या खाचा तारेच्या ब्रशने लखलखीत कराव्यात आणि तेथील स्टीलच्या पट्ट्या सैल किंवा गंजलेल्या असतील तर बदलाव्यात. नवीन पॅड हातोडीने ठोकून बसवावा लागत असेल, तर तो पुढेही ठोकल्याशिवाय सरकणार नाही, हे उघड आहे.

पिस्टन अडकला आहे. तो बाहेर कसा काढावा आणि काढल्यावर काय पाहावे?

पिस्टन काढायला गाडीच्या स्वतःच्या ब्रेकइतके चांगले साधन नाही, म्हणून होज आधी सोडवू नये. पॅड काढून, पिस्टनसमोर लाकडाचा ठोकळा ठेवून, सहायकाला पेडल सावकाश दाबायला सांगावे. पिस्टन काठापर्यंत आला की थांबून मग होज सोडवावा आणि खाली भांडे ठेवावे. कंप्रेसरची हवा वापरायचीच असेल तर अगदी थोड्या दाबाने, ठोकळा आणि जाड चिंधी मध्ये ठेवून वापरावी. पिस्टन गोळीसारखा सुटतो आणि समोर बोट असेल तर ते चेंगरते. दात असलेल्या पकडीने पिस्टनचा घासणारा भाग पकडून ओढणे म्हणजे तो पिस्टन बाद करणे होय.

ऑइलची गळती रोखण्याचे काम पिस्टनचा बाहेरचा पृष्ठभाग आणि सील यांच्यामध्ये होते. कॅलिपरमधल्या सिलिंडरची भिंत त्यात फारशी येत नाही, कारण सील तिच्यातल्या खाचेत बसून पिस्टनला बिलगलेले असते. म्हणून भिंतीवर काळपट डाग असले तर ते बारीक पॉलिश पेपर ब्रेक ऑइलमध्ये भिजवून हलकेच पुसले की चालते. पिस्टनचे मात्र तसे नाही. त्याच्या क्रोमवर नखाला लागेल असा एक खड्डा असला तरी पिस्टन बदलावा. असे खड्डे बहुधा धूळ रोखणाऱ्या बुटाच्या आतल्या पट्ट्यात सापडतात, कारण फाटलेल्या बुटातून आलेले पाणी तेथेच साचून राहते.

यानंतरची जागा सर्रास विसरली जाते, ती म्हणजे सीलची खाच. खाचेच्या तळाशी गंजाची किंवा वाळलेल्या ऑइलची खपली असते. ती न काढता नवे सील बसवले तर ते खपलीच्या जाडीइतके पुढे ढकलले जाऊन पिस्टनला आवळते, आणि नवीन किट (सील आणि बूट यांचा संच) टाकूनही ब्रेक धरतोच. खाच लाकडी किंवा प्लास्टिकच्या काडीने, धीराने, पूर्ण गोल फिरून खरवडावी. स्क्रू ड्रायव्हरने ओरखडा पडला तर गळती सुरू होते. बसवताना सील आणि पिस्टन नव्या ब्रेक ऑइलमध्ये किंवा किटबरोबर आलेल्या रबर ग्रीसमध्ये ओले करावेत. सील पिळलेले नाही हे बोट फिरवून पाहावे आणि पिस्टन सरळ, हाताच्या अंगठ्यांनी आत ढकलावा. तो हाताने जात नसेल तर काहीतरी चुकले आहे, आणि शिकंजा लावून ती चूक दाबून बसवू नये.

कॅलिपर पेट्रोलने किंवा डिझेलने धुतला तर चालतो का?

चालत नाही. ब्रेकमधील रबर ग्लायकॉल ऑइलसाठी बनवलेले असते. पेट्रोल, डिझेल, रॉकेल, इंजिन ऑइल यांचा अंशही त्याला फुगवतो. धातूचे सुटे भाग ब्रेक क्लीनरने किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुवावेत, रबराला ताजे ब्रेक ऑइलच लावावे. टाकीत कोणी चुकून इंजिन ऑइल किंवा पॉवर स्टिअरिंगचे ऑइल ओतले असेल, तर केवळ ऑइल बदलून भागत नाही. मास्टर सिलिंडरपासून चाकांपर्यंतचे सगळे रबर बदलावे लागते. भाग सुटे करताना उडणारी पॅडची धूळ फुंकू नये आणि हवेने झाडू नये, कारण जुन्या पॅडमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते. ती ओली करून पुसावी.

निपल हलतच नाही. जोर लावला तर तुटेल अशी भीती वाटते.

भीती रास्त आहे. निपल आतून पोकळ असतो आणि त्याच्यावरचा षट्कोन लवकर घासतो. आदल्या रात्री गंज सोडवणारे तेल मुळाशी सोडावे, सकाळी षट्कोनी सॉकेट बसवून वरून हलक्या हातोडीने दोन-चार ठोके द्यावेत आणि मग सोडवण्यापूर्वी किंचित घट्ट करून पाहावा. कॅलिपर गाडीवरून काढलेला आणि पिस्टन-सील बाहेर असतील तरच निपलभोवती उष्णता द्यावी. तरीही तुटला तर टर्नरकडे नेऊन काढता येतो. माझ्या मते त्या टप्प्यावर नव्या कॅलिपरची किंमत विचारून घ्यावी.

किट टाकावे की कॅलिपरच बदलावा? भंगारातला चालेल का?

पिस्टन गुळगुळीत असेल, भिंतीवर खोल खड्डे नसतील आणि पिनांची भोके ओबडधोबड झाली नसतील, तर किट टाकून कॅलिपर पुन्हा वर्षानुवर्षे चालतो. यांपैकी काहीही बिघडले असेल तर नवा घ्यावा. भंगारातला घ्यायचाच असेल तर तो ‘चालू’ आहे या शब्दावर न जाता कच्चा माल समजून घ्यावा, म्हणजे पूर्ण खोलून, किट टाकूनच बसवावा.

येथे एक फसगत नेहमी होते. डावा आणि उजवा कॅलिपर पुष्कळदा एकमेकांच्या जागी बसतात, पण मग निपल वरच्या ऐवजी खाली येतो. हवा वर चढते आणि वर निघायला वाट नसते. मेकॅनिक दिवसभर एअर काढत बसतो आणि पेडल मऊच राहते. बसवल्यावर निपल सर्वांत उंच जागी आहे ना, हे पाहणे पुरते.

एकाच बाजूचा कॅलिपर बिघडला आहे. दुसऱ्या बाजूला हात लावावा का?

दोन्ही बाजूंनी पावसाळे सारखेच पाहिलेले असतात. पॅड, होज आणि सील जोडीने बदलावेत. पिना दोन्ही बाजूंच्या साफ कराव्यात. एका बाजूचा ब्रेक नवा आणि दुसऱ्या बाजूचा जुना असला तर जोराचा ब्रेक मारताना गाडी वळते. नवा कॅलिपर एकाच बाजूला बसवणे चालू शकते, परंतु दुसरा खोलून तपासल्यावरच.

ब्रेक ऑइल कोणते घ्यावे आणि किती दिवसांनी बदलावे?

टाकीच्या झाकणावर लिहिलेले घ्यावे. या गाड्यांत ते डॉट ३ किंवा डॉट ४ असते. डॉट ३ चा किमान उत्कलनबिंदू नवे असताना २०५ अंश सेल्सिअस आणि पाणी शोषल्यावर १४० अंश असतो; डॉट ४ चे हेच आकडे २३० आणि १५५ आहेत. ‘पाणी शोषलेले’ म्हणजे सुमारे ३.७ टक्के पाणी. हे ऑइल हवेतला ओलावा स्वतःहून ओढून घेते, आणि कोकणातल्या हवेत त्याला ओलाव्याची वानवा नसते. तेच पाणी पिस्टनला आतून गंजवते, म्हणून ऑइल बदलणे हा कॅलिपरचाच औषधोपचार आहे. दोन वर्षांनी बदलावे, समुद्रकाठी राहणाऱ्यांनी त्याआधी बदलले तरी वाया जात नाही. डॉट ५ हे सिलिकोनचे निराळे ऑइल आहे, ते यात मिसळू नये. नावात साम्य असले तरी डॉट ५.१ मात्र ग्लायकॉलचेच असते. उघडून वर्षभर ठेवलेली बाटली वापरू नये, आणि रंगावर सांडलेले ऑइल लगेच भरपूर पाण्याने धुवावे, नाहीतर रंग सुटतो.

एअर काढताना कोणती काळजी घ्यावी?

बँजो बोल्टची (होज कॅलिपरला जोडणाऱ्या पोकळ बोल्टची) तांब्याची वॉशर दोन्ही बाजूंची नवी घ्यावीत. चाकांचा क्रम गाडीच्या पुस्तिकेप्रमाणे ठेवावा आणि टाकी कधीही रिकामी होऊ देऊ नये. जुन्या गाडीत पेडल तळापर्यंत दाबू नये; त्याखाली लाकडाची फळी ठेवावी. रोजच्या वापरात मास्टर सिलिंडरचा शेवटचा भाग कधीच घासला जात नाही, तेथे गंज असतो, आणि एअर काढण्याच्या उत्साहात सील त्या गंजावरून गेले की फाटते. कॅलिपरचे काम करून गेलेल्या गाडीचा मास्टर सिलिंडर आठवड्यात गेला, असे जे ऐकू येते, त्यामागे पुष्कळदा हेच कारण असते.

भारतात नव्या मॉडेलना एप्रिल २०१८ पासून आणि आधीपासून विक्रीत असलेल्यांना एप्रिल २०१९ पासून एबीएस (जोराच्या ब्रेकमध्ये चाके लॉक होऊ न देणारी यंत्रणा) बंधनकारक झाले, त्यामुळे येथे चर्चिलेल्या बहुतेक गाड्यांत ते नाही. ज्यांच्या गाडीत असेल त्यांनी पिस्टन मागे दाबताना निपल अवश्य उघडावा, म्हणजे तळाचा गाळ उलटा एबीएसच्या झडपांत जाणार नाही.

मागच्या चाकांनाही डिस्क आहेत. तेथे पिस्टन शिकंजाने आत जात नाही.

पहिल्या पिढीच्या स्कोडा ऑक्टाव्हियासारख्या गाड्यांत हँडब्रेक मागच्या कॅलिपरमध्येच असतो आणि पिस्टनच्या आत आटे असतात. तो दाबत दाबत फिरवूनच आत न्यावा लागतो. नुसता दाबला तर आतली यंत्रणा मोडते. त्यासाठीचे हत्यार भाड्याने किंवा ओळखीच्या गॅरेजमधून मिळते. या कॅलिपरमध्ये पिस्टनइतकाच हँडब्रेकचा बाहेरचा आडवा दांडा जाम होतो. हँडब्रेक सोडल्यावर तो आपल्या थांब्याला टेकतो का ते पाहावे. केबल काढल्यावर टेकत असेल तर दोष केबलचा.

काम नीट झाले, हे कसे पडताळावे?

गाडी सुरू करून जागेवरच पेडल दाबत राहावे, कारण पिस्टन पुढे येईपर्यंत पहिले काही दाब पोकळ जातात. पेडल घट्ट झाल्याशिवाय गाडी हलवू नये. पेडल घट्ट दाबून धरून सांध्यांवर गळती आहे का ते दुसऱ्याने पाहावे. नवे पॅड असतील तर मोकळ्या रस्त्यावर ताशी ५० वरून २० पर्यंत, पूर्ण न थांबता, आठ-दहा वेळा मध्यम ब्रेक लावावा आणि मध्ये डिस्क निवू द्यावी. त्यानंतर पुन्हा तीच सात-आठ किलोमीटरची फेरी मारावी आणि दोन्ही रिमजवळ हात नेऊन झळ सारखी आहे का ते पाहावे. डिस्कवर निळे डाग पडलेले असतील किंवा तिची जाडी तिच्यावर कोरलेल्या किमान आकड्याखाली गेली असेल, तर कॅलिपर कितीही उत्तम झाला तरी डिस्क बदलावी लागते.

गाडी कोकणात गावी असते आणि आम्ही मुंबईहून गणपतीला आणि शिमग्याला जातो. प्रत्येक वेळी चाक जाम सापडते. काय करावे?

खारी हवा, दमट गोठा किंवा पडवी आणि महिनोन्‌महिने न हललेला पिस्टन, असा हा तिहेरी योग आहे. उभी करताना हँडब्रेक न लावता गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवून चाकांना पुढून-मागून दगड लावावेत. प्लास्टिकची ताडपत्री गाडीला लपेटून टाकू नये, आत कोंडलेली वाफ उघड्या पावसापेक्षा वाईट असते. शेजारी किंवा चुलतभाऊ यांच्याकडे किल्ली देऊन आठवड्यातून एकदा दहा किलोमीटर फेरी मारायला सांगावे, आणि परतताना चार-पाच वेळा चांगला दाबून ब्रेक लावायला सांगावे, म्हणजे पिस्टन हलतो आणि डिस्क स्वच्छ होते. नुसते इंजिन सुरू करून बंद केल्याने बॅटरीला थोडेफार बरे वाटेल, ब्रेकला त्याचा काही उपयोग नाही. पिनांचे ग्रीस आणि बूट यांची तपासणी मे महिन्यातच, मृग लागण्याआधी करून घ्यावी. गणपतीला गावात पोहोचल्यावर मेकॅनिक मिळणे हे कॅलिपर सोडवण्यापेक्षा अवघड असते.